शिडीपासून किती लांब?

प्रश्न : येत्या सप्टेंबरात मी, सौ. आणि आमचे व्याही-विहीणबाई असे चौघं बार्सिलोनाहून सात रात्रींच्या क्रूझवर निघतोय. सोमवारी मार्सेय, मंगळवारी जिनोआ, बुधवारी रोम, गुरुवारी नेपल्स, शुक्रवारी पालेर्मो, शनिवार समुद्रावर. रोमला जहाज सकाळी 7 ला लागतं आणि संध्याकाळी 7 ला सुटतं. जहाजाच्या सहलींची यादी आली आहे. पाचही ठिकाणी सहल घ्यायची म्हटलं तर चौघांचा आकडा क्रूझच्या तिकिटाशी स्पर्धा करतोय. मुलगा म्हणतो, 'बाबा, सगळं फोनवर आहे, आपले आपण फिरा.' व्याही म्हणतात, 'परक्या देशात जहाज सोडून गेलं तर?' सौ.चे गुडघे दुखतात. विहीणबाई कडक शाकाहारी, अंडंही चालत नाही. व्याह्यांना रोममध्ये कलोसियम, व्हॅटिकन, ट्रेव्हीचं कारंजं, सगळंच हवंय. नेपल्सला पॉम्पेई की काप्री यावर चौघांची चार मतं. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा मुलगा बरोबर आहे आणि व्याहीही. फक्त दोघं वेगवेगळ्या बंदरांबद्दल बोलतायत. कोणत्या बंदरात जहाजाची सहल घ्यायची हे शहराच्या नावावरून ठरवू नका. जहाजाच्या शिडीपासून बघायचं ठिकाण किती लांब आहे, ते आधी पाहा. क्रूझच्या पत्रकातली नावं इथेच फसवतात. 'रोम' म्हणजे चिव्हितावेक्किया, रोमपासून सुमारे 80 किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र आणि 'लंडन' म्हणजे बहुतेक वेळा साउदॅम्प्टन. व्हेनिसच्या सान मार्कोसमोरून मोठी जहाजं न्यायला 2021 च्या ऑगस्टपासून बंदी आहे, त्यामुळे पत्रकातलं 'व्हेनिस'ही पुष्कळदा दुसऱ्याच बंदरात निघतं.

तुमच्या पाच बंदरांपैकी जिनोआ, नेपल्स आणि पालेर्मो या तीन ठिकाणी जहाज शहराला अगदी खेटून उभं राहतं. मार्सेयला ते शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर लागतं आणि रोमचा हिशोब तर वर आलाच. म्हणजे काळजी करायची ती एकाच दिवसाची, बुधवारची.

आधी व्याह्यांची भीती घेऊ, कारण ती खरी आहे. जहाजाने विकलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, आणि अगदीच थांबता आलं नाही तर तुम्हाला पुढच्या बंदरात पोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. आपले आपण गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंतचं भाडं, हॉटेल, सगळं स्वतःच्या खिशातून. पत्रकात दोन वेळा असतात : जहाज सुटण्याची आणि सगळ्यांनी आत येण्याची. दुसरी वेळ पहिल्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते आणि तुमच्यासाठी खरी तीच. रोज रात्री केबिनमध्ये येणाऱ्या दैनिक पत्रकावर ती वेळ असते आणि त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबरही असतो. उतरण्याआधी त्या पानाचा फोटो चौघांच्याही फोनमध्ये हवा. एकाच्याच फोनमध्ये असला तर नेमका तोच हरवतो किंवा त्याचीच बॅटरी संपते. स्पेन, फ्रान्स आणि इटली यांचं घड्याळ एकच, त्यामुळे वेळेचा घोळ तुमच्या वाट्याला येणार नाही. ग्रीस किंवा ट्युनिसला जाणाऱ्यांनी मात्र जहाजाची वेळ आणि गावाची वेळ एक आहे का, हे रोज विचारावं.

पासपोर्ट काही जहाजांवर पहिल्याच दिवशी जमा करून घेतात, घाबरू नका. फोटोच्या आणि व्हिसाच्या पानाच्या दोन-दोन झेरॉक्स नाशिकहूनच काढून न्या. बंदराच्या फाटकावर परत येताना केबिनचं कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र लागतं.

आता बुधवार. कागदावर बारा तास दिसतात, हाती किती उरतात ते बघा. जहाज 7 ला लागलं तरी परवानगी मिळून लोक उतरायला लागेपर्यंत साडेसात-पावणेआठ. धक्क्यापासून बंदराची मोफत बस लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत सोडते. तिथून रेल्वे स्टेशन वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर, किंवा गावची बस. गुडघ्यांचा विचार करता बसच. साडेआठच्या सुमारास तुम्ही फलाटावर. प्रादेशिक गाडीचं तिकीट माणशी पाचेक युरो, सान पिएत्रो स्टेशनला पाऊण ते एक तास, तिथून व्हॅटिकनमधला सेंट पीटरचा चौक दहा-पंधरा मिनिटं पायी. म्हणजे पावणेदहाला रोमात पाऊल. परतीला सहाच्या आत जहाजात असायचं तर साडेचारला चिव्हितावेक्कियाच्या फलाटावर उतरायला हवं, म्हणजे रोम साडेतीनला सोडायचं. जेवण आणि स्वच्छतागृहाच्या रांगा यांचा एक तास वजा करा. हाती राहतात पावणेपाच तास, आणि त्यात व्याह्यांना अख्खं रोम हवंय.

गाडीने जाणं शक्य आहे, लोक रोज जातात. पण दोन ठिकाणी फसगत होते. एक, कागदी प्रादेशिक तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. विसरलात तर तिकीट असूनही दंड, आणि 'आम्हाला माहीत नव्हतं' हे तिकीट तपासनिसाने दिवसातून शंभरदा ऐकलेलं असतं. दोन, इटलीतले रेल्वे संप. ते आधी जाहीर होतात. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात ठरावीक गाड्या सोडण्याची हमी असते. आता तुमचा दिवस त्यावर ठेवून पाहा : जाताना गाडी मिळेल, साडेतीनला परत निघताना कदाचित नाही. आणि सहानंतरची हमी तुमच्या काय कामाची?

म्हणून रोमसाठी जहाजाचाच पर्याय घ्या, पण दिवसभराची महागडी सहल नको. यादीत खाली कुठेतरी फक्त नेणं-आणणं असलेली बस असते. गाइड नाही, जेवण नाही. बस रोममध्ये सोडते आणि ठरलेल्या वेळी तिथूनच परत आणते. रेल्वेपेक्षा ती महाग, पूर्ण सहलीपेक्षा बरीच स्वस्त, आणि परतीला बस उशिरा निघाली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. रोममधली वेळ साधारण तेवढीच मिळते. बस कुठे सोडते आणि परत कुठून उचलते, हे दोन्ही नोंदणीपूर्वी विचारा.

तुमचा दिवस नेमका बुधवार आहे, हे बरं झालं तुम्ही लिहिलंत. पोप रोममध्ये असतील तर बुधवारी सकाळी त्यांचं जाहीर दर्शन असतं. चौक माणसांनी भरलेला असतो आणि बॅसिलिका, म्हणजे सेंट पीटरचं मोठं चर्च, दुपारपर्यंत पर्यटकांसाठी बंद असते. इतर दिवशी लोक आधी सेंट पीटर करतात, तुम्ही उलटं करा. बसमधून उतरलात की स्टँडवरची पांढरी टॅक्सी घेऊन थेट कलोसियम. त्याचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावर भेटीच्या 30 दिवस आधी खुलं होतं, ठरावीक वेळेचं आणि नावाचं असतं. साडेदहा-पावणेअकराची वेळ घ्या, त्याआधीची नको. बस रस्त्यात अडकली की वेळ जाते आणि तिकीटही. आतले दगडी जिने उंच आहेत, पण लिफ्ट आहे. सौ.साठी ती दारातच मागून घ्या. तिथून टॅक्सीने ट्रेव्ही, ट्रेव्हीहून दहा मिनिटं सपाट चालत पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर. त्याला 2023 पासून तिकीट लागलंय, पण एकही जिना न चढता रोममधली सर्वांत भारी इमारत आतून बघता येते ती हीच. मग दोनच्या सुमारास सेंट पीटर. बॅसिलिकेला तिकीट नाही, सुरक्षा तपासणीची रांग मात्र आहे आणि ती दुपारी तासाच्याही वर जाते. रांगेत उभं राहण्याआधीच ठरवून टाका : अर्ध्या तासात आत जाता येईल असं दिसलं तर जायचं, नाहीतर चौकातून बघून परत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी आणि सलवार-कमीझवाल्यांना चिंता नाही, व्याह्यांनी हाफ पँट घालू नये.

व्हॅटिकनचं संग्रहालय आणि सिस्टीन चॅपेल या खेपेला सोडा. तिथे तीन तास लागतात आणि त्यातले निम्मे धक्काबुक्कीत जातात. व्याह्यांना वाईट वाटेल. पण एका दिवसात सगळं बघून आलेल्यांना बसची काच तेवढी आठवते.

पिण्याचं पाणी विकत घेऊ नका. रोममध्ये रस्त्यांवर जवळपास अडीच हजार लहान नळ-कारंजी चोवीस तास वाहत असतात. पाणी गार आणि पिण्याचंच. कॉफी काउंटरशी उभं राहून प्या. बसलात की तीच कॉफी दुप्पट-तिप्पट होते.

गुरुवारी उलट चित्र. नेपल्सला जहाज शहराच्या पोटातच उभं राहतं. शिडी उतरून दहा मिनिटांत समोर कास्तेल नुओवोचा किल्ला आणि त्याच्या शेजारी मेट्रोचं म्युनिचिपिओ स्टेशन.

काप्री आपली आपण करू नका. बोटीने सुमारे 50 मिनिटं लागतात, पण वारा वाढला की परतीच्या फेऱ्या रद्द होतात आणि बेटावरून यायला दुसरी वाट नाही. तुमचं जहाज मोठं, ते त्याच वाऱ्यात वेळेवर सुटतं. निळ्या गुहेसाठी तर लहान होडीत आडवं व्हावं लागतं आणि जरा लाट असली की गुहा बंद. दुखरे गुडघे घेऊन तिथे जायचं कारण नाही.

पॉम्पेई जमण्यासारखं आहे. म्युनिचिपिओहून मेट्रोने गारिबाल्दी, तिथून सोरेन्तोकडे जाणारी चिर्कुमव्हेझुव्हियाना गाडी, पॉम्पेई स्कावी स्टेशनला 35-40 मिनिटांत. उतरलात की समोरच दरवाजा. गाडी म्हणजे आपली गर्दीच्या वेळची लोकल समजा : उभं राहणं, उकाडा आणि खिसेकापू. उन्हाळी मोसमात त्याच रुळांवर जरा महाग अशी काम्पानिया एक्स्प्रेस धावते, तिच्यात वातानुकूलन असतं. सौ.साठी तीच. पॉम्पेईचं तिकीट घरूनच काढा. 2024 च्या नोव्हेंबरपासून दिवसाला 20,000 माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा ती पासपोर्टची झेरॉक्स इथे लागेल. 30 बाय 30 बाय 15 सेंटिमीटरहून मोठी पिशवी आत नेता येत नाही.

आत सावली जवळजवळ नाही. रस्ते काळ्या दगडाच्या मोठ्या ओबडधोबड फरश्यांचे, त्यांत रथांच्या चाकोऱ्या, आणि रस्ता ओलांडायला उंच ठोकळे. पायाला घट्ट बसणारे, जाड तळव्याचे बूट हवेत. चपलेने घात होतो. इ.स. 79 मध्ये गाडलं गेलेलं हे शहर 66 हेक्टरांवर पसरलंय, त्याचा तिसरा हिस्सा अजून मातीखालीच आहे. सगळं बघायचा हट्ट नको. पिआत्सा अँफितेआत्रोच्या प्रवेशद्वारापासून सपाट केलेला, कमी त्रासाचा मार्ग सुरू होतो. सौ. सोबत असतील तर तो धरा आणि अडीच तासांत बाहेर या. निघायची वेळ अशी ठरवा की एक गाडी चुकली तरी तुम्ही जहाजात यायच्या वेळेच्या दीड तास आधी नेपल्सला असाल.

पण आमचं मत विचाराल तर सौ. आणि विहीणबाईंनी पॉम्पेई सोडून नेपल्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय बघावं. म्युनिचिपिओहून तिसरं स्टेशन म्युझेओ, बाहेर पडलं की दारातच. मंगळवारी बंद असतं, तुमचा गुरुवार आहे. पॉम्पेईत सापडलेले उत्तमोत्तम नग तिथेच ठेवलेत, उन्हातान्हात नाही. आणि त्यांत एक वस्तू आपल्या घरची असू शकते. 1938 मध्ये पॉम्पेईच्या एका घरात वीतभराहून थोडी उंच हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. गळ्यात-हातात दागिने, दोन बाजूंना दोन दासी. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, ती खरं तर यक्षी असावी असंही अभ्यासक सांगतात. अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालन्याच्या भोकरदनला मिळाल्यात. त्यामुळे ती सातवाहनांच्या मुलखातून रोमन व्यापाऱ्यांसोबत गेली असावी, असं मानणारे बरेच आहेत. दारातच तिची चौकशी करा. दालनं मोठी आहेत, शोधत बसलात तर पाय दुखतील.

जिनोआला सहल विकत घेऊ नका. जहाज जिथे लागतं तिथून पिआत्सा प्रिंचिपे स्टेशन दहा मिनिटांवर, आणि तिथूनच व्हिआ बाल्बी हा महालांचा रस्ता जुन्या गावात उतरतो. पुढे व्हिआ गारिबाल्दी, ज्याचे राजवाडे 2006 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. शहर डोंगराच्या उतारावर आहे, पण सौ.ना चढायला नको. पिआत्सा पोर्तेल्लोहून कास्तेल्लेत्तोची सार्वजनिक लिफ्ट आहे. वर गेलं की सगळी स्लेटची छपरं आणि बंदरात उभं असलेलं आपलंच जहाज दिसतं.

मार्सेयला जहाजाची शटल बस घ्या, तेवढंच. ती जुन्या बंदराच्या जवळपास सोडते. तिथून 60 नंबरची बस नोत्र-दाम द ला गार्द या चर्चच्या टेकडीवर जाते. पायी चढू नका. इथला प्रसिद्ध साबण घ्यायचा तर ठोकळ्यावर 72% (तेलाचं प्रमाण) असा शिक्का बघून घ्या.

पालेर्मोतही सहल नको. जहाजापासून क्वात्रो कांती चौक सव्वा-दीड किलोमीटर, तिथून पुढे नॉर्मन राजवाड्यातलं पॅलाटाइन चॅपेल. बाराव्या शतकातलं हे देऊळ ख्रिस्ती राजाने बांधलं, भिंतींवर बायझंटाइन सोनेरी मोझेक लावली आणि छत मात्र अरबी कारागिरांच्या पद्धतीचं, लाकडी कोरीवकामाचं. एकाच खोलीत तीन जगं बघायची तर इथे. राजवाड्यापर्यंत टॅक्सी घ्या आणि येताना उताराने चालत या.

विहीणबाईंची चिंता सगळ्यात कमी करा, त्यांचा मार्ग बेसनाने बांधलेला आहे. मार्सेयला पानीस : शिजवलेल्या बेसनाचे तळलेले तुकडे. जिनोआला फारिनाता : बेसन, पाणी, मीठ आणि भरपूर ऑलिव्ह तेल एवढंच, तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं, म्हणजे धिरड्याची सुखवस्तू बहीण. आणि पालेर्मोला पानेल्ले : पाटवडीसारखं पीठ थापून कापतात, तळतात आणि पावात घालून लिंबू पिळून देतात. वडापावची आठवण येईल, फक्त तिखट चटणी मागू नका. कढई मात्र विचारा. त्याच तेलात मांसाचे गोळे तळत असतील तर दुसरं दुकान.

शाकाहारात फसतं ते वेगळ्याच ठिकाणी. ताज्या पास्त्यात पुष्कळदा अंडं असतं, सुका पास्ता बहुतेक वेळा रवा आणि पाण्याचा. भाज्यांच्या सूपला मांसाचं पाणी असू शकतं. आणि अस्सल पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध साकळवणाऱ्या द्रव्याने) बनतं. विहीणबाईंना ते चालत नसेल तर जिनोआचा पेस्तोही (बेसिलच्या पानांची चटणी) नको, कारण त्यात तेच चीज पडतं. नेपल्समध्ये मरिनारा पिझ्झा मागा : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीजच नाही. चार शब्द कागदावर लिहून ठेवा : सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा, सेन्त्सा फोर्माज्जो. मांस नको, मासे नकोत, अंडं नको, चीज नको. जहाजाच्या बुफेवरची फळं, सँडविच पिशवीत घालून खाली नेऊ नका, बऱ्याच बंदरांत मनाई असते. घरची दशमी किंवा बंद पाकिटातला चिवडा बरा.

पैशांचं एकच. कार्ड यंत्रात घातल्यावर 'रुपयांत घेऊ की युरोत?' असा प्रश्न येतो. रुपये ओळखीचे म्हणून बोट तिकडे जातं आणि वाईट दराचा भुर्दंड बसतो. दरवेळी युरो. आणि जहाज सुटलं की चारही फोन फ्लाइट मोडवर टाका. समुद्रावर फोन जहाजाच्या उपग्रह टॉवरला आपोआप जोडला जातो आणि त्याचं बिल तुमच्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही.

यादीतली एखादी सहल घ्यावीशी वाटलीच, तर तिचं वर्णन वकिलासारखं वाचा. 'भेट' म्हणजे आत जाणार. 'दर्शन' किंवा 'पॅनोरमिक' म्हणजे बसच्या खिडकीतून. 'मोकळा वेळ' म्हणजे तिथे गाइड सोडून जाणार आणि तिकीट तुम्ही काढायचं. नऊ तासांच्या रोम सहलीत तीनेक तास बसचे, एक तास जेवणाचा आणि कधीकधी एक दुकानही असतं. सहलीशेजारी चालण्याच्या श्रमाची खूण असते, सौ.साठी ती बघा.

तेव्हा पाचपैकी विकत घ्यायच्या त्या दोनच गोष्टी : रोमची नेणं-आणणं बस आणि मार्सेयची शटल. शटलचं तिकीट तिथे पोचल्यावरही मिळतं. रोमची बस मात्र घरी बसूनच नोंदवा. आधी नोंदवली तर दर बहुधा कमी पडतो, आणि बार्सिलोनाला चढेपर्यंत जागा भरलेल्या असू शकतात. रद्द करायची मुदत कधीपर्यंत ते नोंदवतानाच बघून ठेवा. कलोसियमचं तिकीट त्यानंतर काढा, बस पोचण्याची वेळ हातात आल्यावर.